तुलनेचा पाडा

लखनने प्रश्न विचारला तेव्हा ज्योत्स्नाला त्याचं उत्तर तोंडपाठ होतं. झरीपाड्यात तेच उत्तर ती दर आठवड्याला सांगत होती, चित्रं दाखवून, बायकांकडून वदवून घेऊन. पण लखन राहायचा करंजपाड्यात, आणि करंजपाड्यात काही सांगायचं नाही असं ठरलेलं होतं.

ज्योत्स्ना नाशिकच्या एका नर्सिंग कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. मूळची सुरगाण्याकडची, कोकणा आदिवासी घरातली. तिच्या मामाला लहानपणापासून हाडं ठणकायचा आजार. थंडी पडली की तो अंथरुणाला खिळायचा, आजी मोहाच्या तेलाने त्याचे गुडघे चोळत बसायची आणि सगळे म्हणायचे, वात आहे. मामाने तिशी पाहिली नाही. पुढे कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली विळ्यासारख्या वाकड्या रक्तपेशी बघितल्या तेव्हा ज्योत्स्नाला उमगलं, तो वात नव्हता, सिकलसेल होता. प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली तशा वर्गातल्या बाकीच्या मुली शहरातल्या मधुमेहाच्या रुग्णांकडे वळल्या. हिने पेठ तालुक्यातले सिकलसेलचे रुग्ण घेतले.

अभ्यासाची मांडणी साधी होती. एकमेकांपासून लांबचे दोन पाडे घ्यायचे. एका पाड्यात रुग्णांना आणि घरच्यांना आजार समजावून सांगायचा, पाणी का प्यायचं, गारठ्यात नि उन्हात काय सांभाळायचं, ताप आला तर काय करायचं. त्यांचा एक गट बांधायचा, एकमेकांच्या दुखण्याखुपण्याला धावून जाणारा. दुसऱ्या पाड्यात नुसते प्रश्न विचारायचे. शेवटी दोन्हीकडची तुलना करायची आणि मग दुसऱ्या पाड्यालाही सगळं शिकवायचं. कुठला पाडा कुठल्या बाजूला, हे तिच्या मार्गदर्शक शुभांगी मॅडमनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. झरीपाड्याला शिकवणी आली, करंजपाड्याला प्रश्न.

शुभांगी मॅडम मनाने कोरड्या नव्हत्या. ज्योत्स्नाने सुरुवातीलाच शंका काढली होती, तेव्हा त्यांनी तिला शांतपणे समजावलं होतं. करंजपाड्यातल्या लोकांच्या सरकारी गोळ्या चालूच आहेत, आपण त्यांच्याकडून काही काढून घेत नाही. पण शिकवल्याने फरक पडतो हे आकड्यांनी सिद्ध झालं, तर उद्या प्रत्येक पाड्यावर शिकवणारं माणूस मागता येईल. ज्योत्स्नाला ते पटलं. खरं तर कुणालाही पटलं असतं.

करंजपाड्यात ती कुसाबाईबरोबर जायची. कुसाबाई तिथली आशा सेविका, घरोघर ओळख असलेली. तिनेच पहिल्या दिवशी ज्योत्स्नाला वत्सलाबाईच्या घरी नेलं. वत्सलाबाईचा नवरा पूर्वीच गेला होता. पदरात दोन लेकरं, आणि दोघांनाही सिकलसेल. धाकटी मैना आश्रमशाळेत नववीला. थोरला लखन बावीस-तेवीसचा, बारावी झालेला, अंगाने काटकुळा, डोळ्यांत कायम पिवळसर झाक. आजारी माणसाचं रडगाणं त्याच्यापाशी नव्हतं. गेल्या महिन्यात किती दिवस दुखलं असं ज्योत्स्नाने विचारलं की म्हणायचा, "न दुखलेलं विचार ताई, मोजायला सोपं पडंल." ज्योत्स्ना हसायची आणि उत्तर लिहून घ्यायची.

भाताची कामं उरकली, मकरसंक्रांत झाली आणि पाड्यावरची माणसं द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे निघू लागली. त्या दिवशी लखन ओट्यावर बसून पिशवी शिवत होता. वत्सलाबाई शेजारी तांदूळ निवडत होती. ज्योत्स्नाचे प्रश्न संपले, तसा तो म्हणाला, "आता मी विचारू का? मागच्या साली तिकडं दोनदा पडलो. अंगात काय भरतं कळत नाय. काय केलं म्हंजी पडायचा नाय?"

वत्सलाबाईचा सुपातला हात थांबला. तीही ऐकायला बसली होती.

ज्योत्स्नाने हातातल्या कागदांकडे पाहिलं. दोन-चार वाक्यांचं काम होतं. पण आज लखनला सांगितलं की उद्या सगळ्या पाड्याला कळणार, आणि मग तुलना कशाची करणार?

"दोन-तीन महिन्यांनी सगळं सांगणार आहे," ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांनाच. तोवर गोळी चुकवू नकोस."

"तवा मी हितं नसंन."

"आलास की सांगते ना."

तो बरं म्हणाला आणि पुन्हा सुई दोरा घेऊन बसला. वत्सलाबाईने सूप पुढे ओढलं.

परतीच्या एसटीत ज्योत्स्नाला चैन पडेना. मॅडमना फोन करून विचारावं, एकट्या त्यालाच सांगितलं तर चालेल का, असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, त्या नाहीच म्हणतील, आणि वर म्हणतील की तुला अजून संशोधन कळलं नाही. नाशिक येईपर्यंत ती टोचणी बोथट झाली. हॉस्टेलवर पोचल्यावर तर झरीपाड्याच्या पुढच्या बैठकीची तयारी करायची होती. झरीपाड्यात काम छान रंगत चाललं होतं. तिथल्या बायका आता एकमेकींच्या पोरांना पाणी प्यायलं का म्हणून विचारत होत्या.

फेब्रुवारी सरता सरता कुसाबाईचा फोन आला. लखन गेला होता.

काय काय झालं ते ज्योत्स्नाला तिच्याकडून तुकड्यातुकड्याने कळलं. बागेत पहाटे गारठा, पानांवरचं दव अंगावर, दुपारी डोक्यावर ऊन. सारखं पाण्याला गेलं की मुकादम टोकायचा, म्हणून लखन कमी पाणी प्यायचा. एक दिवस ताप भरला. थंडी बाधली असेल म्हणून शेडमध्ये पडून राहिला, गोळ्या खाल्ल्या. छातीत दुखायला लागलं तेव्हा सोबत्यांनी गावातल्या डॉक्टरकडे नेलं. त्याने तापाचं इंजेक्शन दिलं. सिकलसेल आहे हे लखन तिथे बोललाच नाही, आणि त्याचं सिकलसेलचं सरकारी कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत होतं. श्वास घेता येईनासा झाला तेव्हा टेम्पोत घालून त्याला नाशिकला मोठ्या दवाखान्यात आणलं. तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं, त्यांच्या हातात होतं ते सारं केलं. पण आणायलाच उशीर झाला होता.

तो दवाखाना ज्योत्स्नाच्या हॉस्टेलपासून लांब नव्हता. लखन तिथे शेवटचे श्वास घेत होता तेव्हा ती कॉलेजच्या वाचनालयात बसून झरीपाड्याचे आकडे संगणकात भरत होती, आणि ते चांगले आलेत म्हणून खूश होती.

ती तशीच शुभांगी मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, लखनचा प्रश्न आणि आपलं उत्तरही. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या म्हणाल्या की सांगितलं असतं तरी तो गेला असता, असंही होऊ शकतं. या आजाराचा भरवसा नसतो.

"हो," ज्योत्स्ना म्हणाली. "पण मी उद्यापासून करंजपाड्यात शिकवणार आहे."

"मग तुलना राहणार नाही. तुझं वर्षाचं काम आहे ते."

"नाही राहणार."

"जा," मॅडम म्हणाल्या. "कॉलेजच्या नैतिकता समितीला मी कळवते. असा प्रश्न कुणी विचारला तर काय करायचं, हे आपण आधी ठरवायला हवं होतं. ते माझं काम होतं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती निघाली. कुसाबाईने रस्त्यात तिला अडवून सांगितलं, आज फक्त भेटून ये, बाकीचं बोलू नकोस, त्या बाईला काय कळणार तुझ्या अभ्यासातलं. ज्योत्स्नाने ऐकून घेतलं. पण घरात शिरल्यावर वत्सलाबाईने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि आपणहून म्हणाली, "लखन तुजं नाव काढायचा. ताई मला सांगणार हाय म्हणायचा." मग न बोलणं शक्यच नव्हतं.

ज्योत्स्नाने सगळं सांगितलं, त्यांच्या दोघींच्या बोलीत, कुठला जड शब्द न वापरता. दोन पाडे, दोन चिठ्ठ्या. मैना दाराशी गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. सगळं ऐकून झाल्यावर वत्सलाबाईने एकेक गोष्ट नीट करून घेतली, जसा कुणी व्यवहार नीट करून घेतो.

"म्हंजी तुला ठावं होतं."

"हो."

"झरीपाड्याला सांगितलं."

"हो."

"आन् आमाला नाय."

"नाही. चिठ्ठीत तसं निघालं." हे शब्द तोंडातून गेले आणि ज्योत्स्नाला ते स्वतःलाच ऐकवेनात.

"सांगितलं असतं तं वाचला असता?"

नाही म्हणावं, असं तिला फार वाटलं. त्या बाईसाठी वाटलं, स्वतःसाठीही वाटलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "ताप आला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात गेला असता, तर कदाचित वाचला असता."

वत्सलाबाई रडली नाही. तिने पदराने तोंड पुसलं, जमिनीवर पडलेला एक दाणा उचलला आणि तो कुठे टाकावा हे न सुचून मुठीतच धरला. मग तिने मैनाला जवळ बोलावलं, ज्योत्स्नासमोर बसवलं.

"हिला सांग," ती म्हणाली. "आता. समदं सांग."

ज्योत्स्नाने चित्रं काढली नाहीत. ती नुसती बोलत गेली. रक्तातल्या पेशी वाकड्या होऊन बारीक नसांत कशा अडकतात, अंगात पाणी कमी पडलं की त्या जास्त अडकतात, म्हणून तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं. गारठ्यात अंग झाकायचं, उन्हात सावलीला बसायचं, कुणी काही म्हणो. ताप आला, छातीत दुखलं, दम लागला तर घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, तिथे आधी आजार सांगायचा, कार्ड दाखवायचं. मैनाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ती मान हलवत होती. सांगून झालं तसं वत्सलाबाईने तिला विचारायला घेतलं.

"ताप आला तं?"

"त्याच दिवशी दवाखाना."

"आन् तिथं काय बोलायचं?"

"सिकलसेल हाय म्हणून. सुई टोचायच्या आधी."

"कार्ड?"

"संगं ठेवायचं."

"परत सांग," वत्सलाबाई म्हणाली. मैनाने परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना मैनाला हुंदका आला. तेव्हा वत्सलाबाई उठली आणि मागच्या दाराने परसात निघून गेली. ज्योत्स्ना संध्याकाळच्या एसटीची वेळ होईपर्यंत ओट्यावर थांबली. वत्सलाबाई पुन्हा घरात आली नाही.

उन्हाळाभर ज्योत्स्ना दर आठवड्याला करंजपाड्यात गेली. कुसाबाईने अंगणवाडीची खोली मिळवून दिली. बैठकीला माणसं येत, बागांवरून परतलेले लोक तर आवर्जून येत. सुट्टीला घरी आलेली मैना कधी चुकली नाही. तिची आई एकदाही आली नाही. वाटेत समोरासमोर आली तर डोक्यावरचा भारा सावरत ती बाजूने जायची. ज्योत्स्ना रस्त्याच्या कडेला उभी राहायची. बोलण्यासारखं होतं ते बोलून झालं होतं.

प्रबंध तिने तुलनेशिवायच लिहिला. करंजपाड्याचं प्रकरण तिने लपवलं नाही. अभ्यास मध्येच का मोडला, ते कारणासह मांडलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की या कामातून नेमकं सिद्ध काय झालं. ती म्हणाली, काहीच सिद्ध झालं नाही. शुभांगी मॅडम शेजारी मान खाली घालून बसल्या होत्या. ज्योत्स्ना जेमतेम पास झाली. पुढे तिला घोटीच्या एका दवाखान्यात नोकरी लागली आणि पेठच्या बाजूला जाणं सुटलं.

त्यानंतरच्या वर्षी भातलावणीच्या दिवसांत, दुपारच्या पाळीत तिला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज तिने पहिल्याच शब्दाला ओळखला.

"मैनाला ताप आल्ता," वत्सलाबाई म्हणाली. "त्याच सांजंला नाशकाला नेली. आज घरी आणली."

"आता कशी आहे?"

"भात खाल्ला."

ज्योत्स्ना आणखी काही विचारणार होती. कोणत्या वॉर्डात होती, रक्त दिलं का, पुढे कधी बोलावलंय, आणि तू कशी आहेस. पण पलीकडून फोन बंद झाला होता. तिने तो नंबर वत्सलाबाईच्या नावाने ठेवला. त्यावरून पुन्हा कधी फोन आला नाही, आणि आपण करायचा धीर तिलाही झाला नाही.