मेलेल्या मातीची गाळणी

पेटंट कार्यालयाच्या जिन्यावर त्या दिवशी जागोजाग माती सांडली होती. एरवी या जिन्यावर वकील, त्यांच्या फुगलेल्या बॅगा आणि लिफ्ट बंद असल्याची पाटी याखेरीज काही दिसत नसे. आज पायरीपायरीवर माणसं उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात माती होती. कुणी पिशवीतून आणली होती, कुणी डब्यातून, एका गृहस्थांनी तर बुटाच्या खोक्यातून. मृदामहर्षी म्हणून गाजलेले एक गृहस्थ आज सरकारी कार्यालयात चमत्कार करून दाखवणार, अशी बातमी पसरली होती. खरं तर आत त्यांच्या गाळणीच्या पेटंट-अर्जावर सुनावणी होती. पण गाळणी बघायला कोण कशाला येईल? लोक आले होते ते आपली माती जिवंत आहे की मेली, हे विचारायला.

परीक्षकबाई या गर्दीतून वाट काढत वर निघाल्या. लोकांनी शोध लावल्याचे अर्ज करायचे आणि बाईंनी त्यात नवं किती, उसनं किती आणि मुळात ते यंत्र चालतं की नाही हे तपासायचं, अशी त्यांची नोकरी. स्वतःच्याच वाऱ्यावर फिरून स्वतःलाच वीज पुरवणारा पंखा त्यांच्या टेबलावर दोनदा येऊन गेला होता. त्यामुळे तोंडात बोट घालण्याची त्यांची सवय कधीच सुटली होती.

वरच्या वळणावर त्यांना मामा दिसले. त्यांचे सख्खे मामा, हातात लिंबांची भरलेली पिशवी घेऊन.

"मामा? तुम्ही इथे कसे?"

"साक्षीदार आहे मी, महर्षींचा," मामांनी छाती पुढे काढून सांगितलं. मग आवाज उतरला. "ही लिंबं घे. शेवटचीच आहेत."

"शेवटची म्हणजे?"

"सोमवारी बाग काढतोय. पानं पिवळी पडत होती ना, म्हणून महर्षींना बोलावलं. त्यांनी माती गाळली, तर लालभडक पाणी आलं. माझ्या डोळ्यांदेखत! माती मेलीय, बाळ. त्यांची पूडही विकत घेऊन टाकली, तरी गुण आला नाही. झाडं उपटायची आणि जमीन उपचारासाठी महर्षींच्या संस्थानाच्या नावावर करून द्यायची. बरी झाली की परत देणार आहेत."

"आणि बरी कधी होणार?"

"ते महर्षी सांगतील."

ती झाडं मामीने लावली होती. मामी गेल्यावर मामांशी बोलायला दुसरं होतंच कोण? सकाळ-संध्याकाळ ते झाडांना पाणी घालायचे आणि त्यांच्याशीच भांडायचे. अशी बाग हा माणूस एका ग्लासभर लाल पाण्यापायी सोमवारी उपटून टाकणार होता. बाईंना मामांचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली.

नियमाप्रमाणे त्या आधी साहेबांच्या खोलीत गेल्या. "अर्जदाराचा साक्षीदार माझा मामा आहे. हे काम दुसऱ्या कुणाला द्या."

साहेबांनी तिथेच बसलेल्या अर्जदाराच्या वकिलांकडे पाहिलं. वकिलांना तर आनंद मावेना. "आमची काहीच हरकत नाही, साहेब! परीक्षकांच्या घरचाच माणूस आमच्या बाजूने असल्यावर आणखी काय हवं?"

साहेब हसले, काम बाईंकडेच ठेवलं आणि टेबलाखालचा बिस्किटांचा डबा त्यांनी पायाने जरा आत सरकवला. डब्यात त्यांच्या बंगल्याच्या बागेतली माती होती, हे बाईंना मागाहून कळलं.

सुनावणीच्या दालनात मुंगीला शिरायला जागा नव्हती. महर्षी आले तसे सगळे उठून उभे राहिले. साहेबही उठले, मग आपण का उठलो हे न कळून टाय सारखा करत बसले. महर्षींच्या अंगात डॉक्टरांचा पांढरा कोट होता, खिशात थर्मामीटर होतं आणि गळ्यात काचेच्या नळीत भरलेली माती होती. या थर्मामीटरने ते कुणाचा ताप बघायचे, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

"माती श्वास घेते," महर्षींनी सुरुवात केली. "श्वासाला स्पंदन असतं. स्पंदनाला भार असतो. हा भार ज्या मातीत ऋण होतो, ती माती मरते. विज्ञानाला हे आत्ता कुठे समजायला लागलंय. त्याला ते क्वांटम म्हणतात. मी त्याला आई म्हणतो."

टाळ्या पडल्या. क्वांटमचा आणि आईचा संबंध काय, असं विचारणारा माणूस त्या गर्दीत एकच होता आणि तो परीक्षकाच्या खुर्चीत बसला होता. बाईंनी शांतपणे विचारलं, "गाळणी दाखवता का?"

गाळणी म्हणजे एकावर एक बसवलेली स्टीलची दोन भांडी होती. मध्ये जाड पांढरी तबकडी. तिचं नाव चेतना-तबकडी. वरच्या भांड्यात पाण्यात ढवळलेली माती ओतायची, खाली काचेच्या ग्लासात पाणी गळणार. पाणी स्वच्छ आलं तर माती जिवंत, लाल आलं तर मेलेली.

"कुणाची माती घेऊ?" महर्षींनी विचारलं, आणि साहेबांचा बिस्किटांचा डबा टेबलाखालून वर आला.

साहेबांची माती ढवळून ओतली. ग्लासात थेंब पडू लागले ते गुलाबी, मग लाल. दालनात एकदम 'अरेरे' असा आवाज झाला. साहेबांचा चेहरा पडला.

"घाबरू नका," महर्षी मायेने म्हणाले आणि त्यांनी चिमूटभर पांढरी पूड ग्लासात टाकली. "जीवनचूर्ण." ग्लास हलवला आणि लाल रंग बघता बघता नाहीसा झाला. गर्दीतल्या एका बाईंना रडू फुटलं. साहेबांनी घाम पुसला. त्यानंतर महर्षींनी नवी तबकडी बसवून आपल्या संस्थानातली माती गाळली. पाणी पहिल्यापासून नितळ आलं. टाळ्या थांबेनात. मामांनी भाचीकडे अशा नजरेने पाहिलं की, बघितलंस ना आता?

"छान," परीक्षकबाई म्हणाल्या. "आता कोरा चालवा."

महर्षींनी हसून मान हलवली, पण हात हलले नाहीत. "कोरा म्हणजे?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. माती असो, रक्त असो की दूध, तपासणीच्या कुठल्याही खोलीत पहिलं काम असतं ते कोरा नमुना चालवण्याचं. यंत्रात आधी नुसतं शुद्ध पाणी घालून बघायचं, म्हणजे यंत्र आपल्या पदरचं काय मिसळतं ते कळतं. तिथे पहिल्या आठवड्यात आलेल्या शिकाऊ माणसालाही हा शब्द माहीत असतो. आणि हजारो शेतांना मृत्यूचा दाखला देणाऱ्या या महर्षींच्या तो कानावरूनही गेला नव्हता!

"म्हणजे मातीशिवाय," बाई म्हणाल्या. "नव्या तबकडीतून नुसतं पाणी ओता."

"मातीच्या गाळणीत माती नको?" वकिलांनी साहेबांकडे बघत विनोद केला. लोक हसले.

"नकोच. आणि पाणी आपलं पिण्याचं घेऊ. साहेब, तुमचा पाण्याचा जग देता का?"

साहेब नुकतेच त्याच जगमधलं ग्लासभर पाणी प्यायले होते. बाईंनी ते पाणी नव्या तबकडीवर ओतलं. खाली थेंब पडला. लाल.

या घटकेला खेळ संपायला हवा होता. माती नसताना माती मेलेली निघते, याहून उघड काय असतं? पण भोळ्या माणसाची अडचण अशी की, त्याला भोंदूची चूकही चमत्कारच वाटते. महर्षींनी डोळे मिटले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "पाणी तरी कुठून येतं? जमिनीतूनच ना! तुमच्या शहराचं पाणीसुद्धा मेलंय!"

"अरे बापरे," मागून कुणीतरी म्हणालं. साहेबांनी पोटावर हात ठेवला. बुटाच्या खोक्यावाल्या गृहस्थांनी जवळची पाण्याची बाटली शेजाऱ्याला देऊन टाकली. शेजाऱ्याने ती घेतली नाही.

बाईंना संताप आला. शिकलेली, घरदार सांभाळणारी ही माणसं, बाजारात काकडी घेतानासुद्धा तिचं टोक चाखून घेतात. आणि इथे अख्खी जमीन देताना कुणी एक प्रश्न विचारायला तयार नव्हतं. पण संतापाने काही साधणार नव्हतं. त्यांनी पायाशी ठेवलेली लिंबांची पिशवी उचलली.

"मामा, जरा पुढे या. हे लिंबू कुठलं?"

"आपल्याच बागेतलं."

"म्हणजे मेलेल्या मातीतलं?"

मामा चाचरले. "हो... म्हणजे, तसंच म्हणायचं."

"कापा आणि या लाल पाण्यात पिळा."

मामांनी लिंबू पिळलं. ग्लासातला रंग विरला आणि पाणी नितळ झालं, जीवनचूर्णाने झालं होतं अगदी तसंच. मामा ग्लासाकडे बघत राहिले.

"लिंबात शेवटचा प्राण उरला होता," महर्षी पटकन म्हणाले. "तोच आता खर्ची पडला."

"असं? मावशी, कप धुवायचा सोडा आहे का थोडा?"

चहाच्या मावशींनी धुण्याच्या सोड्याची पुडी आणून दिली. बाईंनी त्यातला चमचाभर नितळ पाण्यात टाकला. फसफस झाली आणि पाणी पुन्हा लालभडक. "मेलं," बाई म्हणाल्या. "पिळा मामा." मामांनी पिळलं, रंग गेला. "जगलं." सोडा टाकला, लाल. "मेलं." मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मग मामांनीच पुडी ओढून घेतली आणि ते आपल्या हाताने सोडा टाकू लागले, लिंबू पिळू लागले, पुन्हा सोडा, पुन्हा लिंबू. त्यांचे कान लाल झाले होते. आता हसू दालनभर पसरलं होतं, पण मामा हसत नव्हते.

"यात प्राण नाही, स्पंदन नाही," बाईंनी लोकांकडे वळून सांगितलं. "फिनॉल्फथॅलिन नावाची एक पांढरी पूड असते. शाळेच्या प्रयोगशाळेतसुद्धा मिळते. सोड्याच्या पाण्यात ती लाल होते, आंबट टाकलं की रंग जातो. या तबकडीत ती पूड आणि सोडा दोन्ही भरून ठेवलेत. कोरडी असते तोवर तबकडी पांढरी दिसते. पाणी लागलं की लाल उतरतं, मग वरून माती ओता नाहीतर चहा ओता. आणि जीवनचूर्ण म्हणजे लिंबूसत्त्व. माझे मामा स्वतःच्या झाडावर लटकलेलं औषध या माणसाकडून पुडीतून विकत घेत होते."

"आणि संस्थानाची माती?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

बाईंनी ती ओली माती बशीत घेऊन तिच्यावर सोडा भुरभुरला. माती फसफसली. "तिच्यात लिंबूसत्त्व आधीच कालवून आणलंय. एवढी आंबट मातीच खरी मेलेली म्हणायची, तिच्यात गवतही धड उगवणार नाही."

मग त्यांनी तबकडी नळाखाली धरून रंग उतरायचा थांबेपर्यंत धुतली आणि तिच्यातून साहेबांची माती गाळली, मामांनी साक्षीसाठी पुडीत आणलेली गाळली, संस्थानाचीही गाळली. तिन्ही ग्लासांत सारखंच, किंचित पिवळट पाणी आलं. महर्षींनी कोटाची बटणं लावली. "संशयी नजरेसमोर ऊर्जा काम करत नाही," असं म्हणून ते उठले.

"सोडा करतो," बाई म्हणाल्या. "अर्जात लिहिलंय की ही गाळणी मातीचा प्राण ओळखते. तिला ओळखता येतो तो फक्त तिच्याच पोटात भरलेला सोडा. अर्ज नामंजूर करावा, असं मी लिहिणार आहे."

"आणि पोलिसांना मी लिहिणार आहे," साहेब म्हणाले. फसवणुकीबद्दलची ही चीड त्यांना आपली माती जिवंत निघाल्यावरच सुचली, हेही इथे नमूद केलेलं बरं.

खाली उतरताना जिन्यात महर्षींभोवती आठ-दहा माणसं अजून होतीच. "माझी तेवढी बघा ना," असं एक जण हळूच म्हणत होता. अशांचं काय करायचं, याचं औषध कुठल्याच पुडीत मिळत नाही.

मामा फाटकापाशी थांबले. मग म्हणाले, "तुझ्या मामीची झाडं मी स्वतःच्या हाताने उपटणार होतो."

"उपटली नाहीत ना."

"मग पानं का गं पिवळी पडतायत?"

"मला माहीत नाही."

मामा चमकले. कुठलाही प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणाऱ्या माणसाजवळ ते इतके दिवस बसले होते. "तुला माहीत नाही?"

"नाही. मुळं खणून बघावी लागतील, पाणी साचतंय का बघावं लागेल, माती प्रयोगशाळेत द्यावी लागेल. कदाचित पहिल्या खेपेला कळणारही नाही. पण शोधू तर."

मामांनी तिथेच फोन काढला आणि झाडं तोडणाऱ्याला येऊ नकोस म्हणून सांगितलं. "का म्हणजे? माझी झाडं आहेत म्हणून!" ते फोनवर ओरडले.

सोमवारी मामा-भाची माती तपासणीच्या प्रयोगशाळेत गेले. तिथला तंत्रज्ञ नमुन्याची पिशवी घ्यायला हात पुढे करून उभा होता, पण मामा पिशवी सोडेनात.

"आधी कोरा दाखवा," मामा म्हणाले.

तंत्रज्ञ जराही रागावला नाही. त्याने कडेची एक परीक्षानळी उचलून उजेडात धरली. "सकाळीच चालवलाय, काका. हा बघा."

मामांनी चष्मा पुसून घातला आणि नळी नीट निरखून पाहिली. आत नुसतं पाणी होतं आणि ते पाण्यासारखंच दिसत होतं. आपल्याला कुणी मातीचा, शरीराचा, नशिबाचा निकाल ऐकवायला आला, तर एवढंच मागावं: आधी तुझं यंत्र रिकामं चालवून दाखव. जो खरा असेल तो हसत दाखवेल. जो डोळे मिटून आवाज गंभीर करेल, त्याच्या हातात आपली चिमूटभर मातीही देऊ नये.

मग मामांनी पिशवी दिली.