कॅप्टनचा दहावा

भरतचा त्या कॅप्टनवर पहिल्यापासूनच दात होता. बारा वर्षं तो मेला टीव्हीवर अंतराळयान हाकत होता आणि बारा वर्षं वैजयंती नवऱ्याचं ताट वाढताना पडद्याकडंच बघत होती. मालिकेवाल्यांनी त्याला मारलं, त्या दिवशी अख्ख्या अवसरी गावात भरतइतका खूश माणूस नव्हता.

वैजयंतीनं मात्र अंथरूण धरलं. मोबाइलवरच्या ग्रुपात तिच्यासारख्याच शेकडो बायाबापड्या रडत होत्या. भरत हात मोडून घरी आला होता, तेव्हा ही नुसतं म्हणाली होती, "गाडी बघून चालवता येत न्हाई का?"

दहाव्या दिवशी तर तिनं गच्चीवर भाताचा पिंड ठेवला. कावळे कठड्यावर येऊन बसले, पण एकही शिवेना.

"जीव कशात तरी अडकलाय त्यांचा," वैजयंतीनं हात जोडले. "कॅप्टन, तुमचं यान सुखरूप घरला पोचंल."

कावळे ढिम्म.

"तुमच्या पोरीला नवा ग्रह सापडंल."

तरी ढिम्म.

ऊन चढलं. कावळा शिवल्याशिवाय ताट मिळणार नव्हतं आणि भरतच्या पोटात आग पडली होती. शेवटी तो खेकसला, "ओ कॅप्टन, हिची काळजी करू नका. हिला मी हाय. आता शिवा एकदाचं!"

कावळ्यानं झडप घालून घास उचलला.

वैजयंती डोळे पुसत ताटं वाढायला खाली गेली. भरत मात्र त्या कावळ्याकडं डोळे वटारून बघत राहिला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, नाद एकट्या हिलाच आहे.