झेलणाऱ्याचे हात

दुपारी कॅबरेच्या हॉलमध्ये तो आला तेव्हा ती उंच स्टुलावर बसून नवं गाणं घोटत होती. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई बसून गाते ती तिची अदा. अदा कसली डोंबलाची. खुब्यात लोखंड घातलं होतं, उभं राहिलं की पाय दगा द्यायचा. आणि ज्याच्या पायी हे झालं तोच आता टोपी हातात घेऊन, मान खाली घालून समोर उभा होता.

एके काळी हा तिचा नवरा होता. सर्कशीत तो झुल्याला उलटा लटकायचा आणि हवेतून येणाऱ्या तिला झेलायचा. पुढे त्याला तिच्या धाकट्या बहिणीची गोडी लागली. ते कळल्यावर बायकोने सामान बांधलं, जाण्याआधी शेवटचा खेळ म्हणून वर चढली, आणि त्याच खेळात त्याने तिला सोडलं. जाळीच्या कडेवर आपटून ती बाहेर मातीत पडली. सगळे म्हणाले, बाईला पोचायला उशीर झाला. झुल्याच्या धंद्यात चुकते ती पडणारीच.

पण त्या धंद्यात आणखी एक रीत होती. ज्याच्या हातून कुणी पडलं, त्याच्या हातात दुसरी पोरगी झेप घेत नाही. पडलेल्या बाईने स्वतः येऊन, सगळ्या ताफ्यासमोर त्याच्या हातांना, पकड घसरू नये म्हणून लावतात ती खडूची भुकटी चोळली, तरच तो पुन्हा वर चढतो. म्हणून गडी इतकी वर्षं तंबूचे दोर ओढत होता. आता नव्या झेलणाऱ्याचा खांदा निखळला होता आणि सर्कशीची मालकीण याला घ्यायला तयार होती. अडलं होतं ते फक्त हिच्यापाशी.

त्याने गोड बोलून पाहिलं. झालं गेलं उगाळून कुणाचं भलं झालंय, निदान बहिणीच्या तोंडाकडे बघ, वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि येते म्हणाली. तो इतका हरखला की जाताना पियानोवाल्यालाही सलाम ठोकून गेला. पियानोवाला म्हणाला, माणूस भला दिसतो.

"दिसतो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती तंबूत गेली. रिंगणात सगळे गोल उभे होते. मालकीण खुर्ची टाकून बसली होती. बहीण पडद्याला धरून होती, अंगाने सुटलेली, नजर मातीत. बहिणीने "ताई" म्हटलं, हिने ऐकलं नाही. तो चकचकीत पोशाख चढवून तयार होता. पोट दाबताना गड्याचा जीव चालला होता. त्याने तळवे पुढे केले.

"पट्टे काढ," ती म्हणाली.

त्याच्या दोन्ही मनगटांना रुंद चामडी पट्टे होते. झेलणारे बांधतात, दोर ओढणारेही बांधतात, कुणाला त्यात काही वाटायचं कारण नव्हतं. तो हसून म्हणाला, तळव्यांना चोळलंस तरी चालेल की. मालकिणीने खुर्चीतूनच सांगितलं, चालणार नाही, हात कोपरापर्यंत उघडा लागतो. त्याने उजवा पट्टा सोडला. डाव्याशी मात्र उगाच चाळा करत बसला. मग हिनेच तो ओढून काढला.

मनगटाच्या वरपासून तळव्यापर्यंत चार पांढरे व्रण उतरले होते. जुने, खोल.

तिने भुकटी घेतली आणि नेमकी त्या व्रणांत भरली, लांबूनही दिसावेत म्हणून. "दोराचे आहेत," तो म्हणाला. झेप घेणारी तरणी पोर पुढे आली. तिने सवयीप्रमाणे त्याचं मनगट धरलं. तिची चारही बोटं व्रणांच्या टोकांवर बसली. तिथून ती तिने हळूहळू खाली ओढत आणली आणि हात झटकून मागे सरली. उशिरा पोचलेल्या बाईच्या हाती झेलणाऱ्याची नुसती बोटं लागतात. ही बाई वेळेवर पोचली होती, गच्च धरून होती, आणि याने मूठ उघडल्यावरही कातडं सोलत लटकली होती. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं.

"चार बोटांचा दोर मी तरी पाहिला नाही," मालकीण म्हणाली. "पोशाख उतरवून ठेव. आणि दोरांनाही हात लावू नकोस. माझी माणसं त्यांवर चढतात."

तो हिच्याकडे बघत राहिला. "मी खाऊ काय आता?"

त्याला पोशाखाचे हूक काढता येईनात, आणि मदतीला कुणी पुढे होईना. ते ती शेवटच्या हुकापर्यंत बघत उभी राहिली, पाय ठणकत असताना.

बाहेर बहिणीने तिला गाठलं. डोळे भरून आले होते. "ताई, तू तेव्हाच बोलली असतीस तर..."

"बोलले होते. दवाखान्यात. उशाशी तूच होतीस, आणि दुखण्याने ती बरळतेय असं बाहेर जाऊन तूच सांगितलंस."

"मला खरंच वाटलं होतं गं तसं."

"आणि लग्न झाल्यावर? घरात पट्टे बांधून जेवतो का तो?"

बहीण माफ कर म्हणाली.

"नाही करत," ती म्हणाली. "जा आत. तुझा नवरा उघडा उभा आहे."

संध्याकाळी गायचं होतं. पाय ओढत ती हॉलकडे निघाली. मागून बहिणीचे हुंदके ऐकू येत होते, आणि तिला ते आवडत होते.