बाहेरचा, तोही उलटा

मी सायलेन्सर. इंजिनाचा आवाज गिळायचा आणि आपण गप्प राहायचं, हे माझं काम. पण जे पाहिलं त्याने मी अजून थक्क आहे, म्हणून आज तोंड उघडतोय.

आधीच सांगतो, मी कंपनीचा नाही. माझ्या गाडीच्या कंपनीने ते मॉडेल केव्हाच बंद केलं, सुटे भागही बंद केले. तेव्हा आम्हाला म्हणायचं 'बाहेरचा माल'.

माझा जन्म झाला एका दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या हट्टापायी. त्यांच्या गाडीच्या सायलेन्सरची गंजून चाळण झाली होती आणि महिनाअखेरीस गाडीची तपासणी होती. त्यात नापास म्हणजे गाडी थेट भंगारात. बाई वेल्डरकडे गेल्या.

"एकासाठी साचा लावायला परवडत नाही," तो म्हणाला. "वीस गाड्या आणा, मग बोला."

बाईंनी खरंच वीस गाड्या शोधल्या. फोनवर ग्रुप काढला. 'बघतो, सांगतो' म्हणणाऱ्यांना त्या दुसऱ्याच दिवशी गाठत, कारण 'बघतो'चा अर्थ त्यांना दवाखान्यात पुरता कळला होता. एका शिंप्याने लिहिलं, "आमच्या गाडीला आजवर बाहेरचं काही लागलेलं नाही." बाईंनी उत्तर दिलं, "मग हा उतारा समजा." शिंपी तयार झाला. वडिलांच्या घरावरून अबोला धरलेले दोन भाऊही एकमेकांखाली 'हो' लिहून मोकळे झाले.

मी अजून जन्मलोही नव्हतो हो! आणि एकमेकांचं तोंड न पाहिलेली वीस माणसं माझ्यावर विश्वास टाकून बसली होती.

एकाला मात्र बाईंना नाही म्हणावं लागलं. वेल्डरच्या समोरच राहणारे एक आजोबा. त्यांची गाडी तीच, पण परदेशातून आलेली. तिचं स्टिअरिंग उलट्या बाजूला आणि सायलेन्सरची वाटही उलटी.

"आजोबा, तुमच्या एकट्यासाठी उलटा कोण बनवणार?"

"खरंय," आजोबा म्हणाले. "पण सायलेन्सर गेल्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही दोघं अंगणात बंद गाडीतच बसून चहा पितो. हिला बसची पायरी चढवत नाही. आता तपासणीनंतर तेवढंही जाईल."

बाईंनी आपल्या सायलेन्सरच्या वळणाचं प्लास्टरमध्ये माप घेतलं, दाताचं घेतात तसं, आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'वळण डावीकडे.' वेल्डरने आधी नमुन्याचा एकच बनवायला घेतला. त्याने नळीत कोरडी वाळू ठासून भरली, म्हणजे वाकताना ती चेपत नाही. मग ज्योत धरली. मी लालभडक झालो आणि त्या माणसाच्या हाताच्या ओढीने अलगद वळलो. लोखंड असून मी इतका मऊ होऊ शकतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

रविवारी सकाळी नमुना बघायला गल्लीत वीस गाड्या लागल्या. वेल्डर बाईंच्या गाडीखाली सरकला, मला वर उचललं आणि मी ठाणकन तळावर आपटलो. पुन्हा लावलं, पुन्हा ठाणकन.

"डावीकडेच वाकवलाय, तुम्ही लिहिलंय तसा!" तो खालूनच ओरडला.

"कुणाचं डावं?"

"माझं! गाडीखाली उताणा पडतो तेव्हाचं! तुमचं कुणाचं?"

"पेशंटचं!" बाई म्हणाल्या. "आमच्याकडे डावं नेहमी पेशंटचंच असतं!"

कुणी हसलं नाही. थोरला भाऊ म्हणाला, "एक धड होत नाही, वीस काय होणार?" दोघातिघांनी किल्ल्या काढल्या. बाईंचा चेहरा उतरला. मी भंगाराच्या ढिगाकडे पाहत होतो. माझी जागा तीच, हे मला कळून चुकलं होतं.

तेवढ्यात काठी टेकत आजोबा पुढे आले. माझ्या वळणावरून त्यांनी हात फिरवला. "हा उलटा झालाय ना? मग आमच्या गाडीला लावून बघता का जरा?"

बाईंनी वेल्डरकडे पाहिलं, वेल्डरने बाईंकडे. आणि सगळे अंगणाकडे धावले. आजी गाडीतच बसल्या होत्या. "मी नाही उतरणार. ढकला तशीच!" म्हणाल्या. गाडी समोर वेल्डरच्या दारात न्यायला अख्खी गल्ली तिला भिडली. मागच्या बाजूला दोन्ही भाऊ खांद्याला खांदा लावून होते. "जोर लाव की रे," थोरला म्हणाला. धाकट्याने लावला.

मी माझ्या जागी असा बसलो, जणू ती माझीच वाट पाहत होती. शिंप्याच्या गाडीच्या बॅटरीवरून वायरी जोडल्या. तिसऱ्या खेपेला इंजिन धडधडलं आणि पहिला ऊन श्वास माझ्या अंगातून आरपार गेला. देवा, काय सांगू! चुकून जन्मलेल्या माझ्यातून एक गाडी जिवंत झाली होती. आजीने काचेतून हात बाहेर काढला आणि आजोबांनी तो धरला.

वेल्डरने भिंतीवर खडूने लिहिलं, 'डावं म्हणजे ड्रायव्हरचं.' खाली लिहिलं, 'त्याचं स्टिअरिंग कुठेही असो.' माझे वीस भाऊ सरळ जन्मले आणि सगळ्या गाड्या तपासणीत पास झाल्या.

आता माझ्यावर चिखल आहे, एका कडेला गंजाचा ठिपकाही आलाय. माझं एकच मागणं आहे. कुणी उलटं वळलेलं दिसलं तर लगेच भंगारात टाकू नका. आधी विचारा, डावं कुणाचं?

बरं, आता मी गप्प होतो. आजोबांनी चहाचा थर्मास मागच्या सीटवर ठेवलाय, आजी बसल्यात, आणि किल्ली फिरतेय.