तीनशे ग्रॅमचं खोटं

“काटाच खोटा आहे तुमचा! भंगारात घाला!”

असं ओरडून त्या माणसाने माझ्या ताटावर अशी थाप मारली की माझा काटा थरथरला. ताटात त्याचीच साडेचार महिन्यांची पोर होती. ती दचकून रडायला लागली. सिस्टर म्हणाली, “आवाज खाली करा भाऊ. चार किलो सातशे. मागच्या आठवड्यातही तेवढीच होती.”

मित्रांनो, तो खोटा काटा म्हणजे मी. दवाखान्यातला बाळांचा वजनकाटा. रंग उडालाय, एक पाय आखूड म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी आहे. पण खोटा? मी ज्या कारखान्यात बनलो, तिथे मला पन्नासदा तपासून मग बाहेर सोडलंय. हजारो पोरं माझ्यावर मुतून गेली, मी कधी हूं का चूं केलं नाही. पण खोटं म्हटलं की माझं डोकं फिरतं.

त्या पोरीचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता. आत टाळूलाही फट. आईच्या पोटात पहिल्या दोन-तीन महिन्यांत तोंड तयार होतं, दोन बाजू मध्ये येऊन जुळतात. कधीकधी नाही जुळत. आईने काय खाल्लं, काय बघितलं, कुणाचं काय वाईट केलं, असलं काही नसतं. हे डॉक्टरीणबाई दिवसातून दहादा सांगतात. तरी लोक दहादा विचारतात.

रांगेतली एक बाई तेवढ्यात म्हणालीच, “झाका हो ते तोंड. माझा मुलगा घाबरतो.”

पोरीची आई गप्प बसणारी नव्हती. “तो कुठे घाबरलाय? तो तर हसतोय तिच्याकडे बघून. घाबरलात तुम्ही.”

मला हात असते तर टाळ्या वाजवल्या असत्या.

बापाला घाई होती ती ओठाच्या ऑपरेशनची. सर्जन महिन्यातून एकदाच येतात आणि इथला नियम पक्का, पाच किलो भरल्याशिवाय भूल नाही. सिस्टर फाईल आणायला आत गेली. बाप गॅरेजमध्ये मेकॅनिक. त्याने इकडे तिकडे बघितलं, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि माझ्या पाठीतला स्क्रू फिरवला. अर्धा फेरा, बस. मला तर कुणीतरी कान पिरगाळल्यासारखं झालं.

सिस्टर आल्यावर तो म्हणाला, “परत बघा एकदा.”

माझा काटा गेला पाचवर. मी नाही गेलो, मला ढकललं.

“बघा! भरलं की नाही?”

भानगड वाटली की बाळ उचलायचं आणि ताटात एक किलोचं लोखंडी वजन ठेवायचं, ही सिस्टरची सवय. तिने ठेवलं. मी दाखवलं, एक किलो तीनशे.

“अहो,” आई म्हणाली, “खिशात काय आहे?”

त्याने स्क्रू-ड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला. मान खाली.

“भाऊ,” सिस्टर म्हणाली, “भूल किती द्यायची ते या काट्यावर ठरतं. तीनशे ग्रॅम तुम्ही खोटे दिलेत, औषध मात्र खरं जाईल तिच्या अंगात.”

तो मटकन स्टुलावर बसला. “मग वाढत का नाही ती? मी तर बाटलीचं भोकसुद्धा मोठं करून दिलंय. पंपाला तेल येत नसलं की नोझल मोठं करतो, तसं.”

सिस्टरने कपाळावर हात मारला. “पोर आहे की ट्रक? म्हणूनच दूध नाकातून येतंय, ठसका लागतोय, अर्धं तर अंगावरच!”

मग तिने मऊ बाटली काढली, दाबता येणारी. टाळूला फट असली की तोंडात ओढ तयार होत नाही, बाळ चोखून चोखून दमतं आणि उपाशी झोपतं. म्हणून बाळाला उभं धरायचं, ते चोखेल तसं हलकेच दाबायचं, थांबलं की आपणही थांबायचं. मध्येच ढेकर काढायचा. अर्ध्या तासाच्या वर ताणायचं नाही. आई आधी शिकली. मग त्या बापाने ग्रीसने काळी झालेली बोटं साबणाने तीनदा धुतली आणि बाटली हातात घेतली. पहिल्या दाबाला दूध पोरीच्या कानात. दुसऱ्याला बरोबर. “अगं, गिळतेय!” तो बायकोकडे बघून ओरडला.

त्या महिन्यात सर्जन आले आणि गेले. पोरीचं नाव यादीत नव्हतं. मीच आडवा आलो होतो, आणि मला त्याची लाज नाही.

पुढच्या महिन्यात सर्जनच्या फेरीला तो माझ्यापासून दोन हात लांब उभा राहिला. सिस्टरने स्क्रू कधीच जागेवर आणला होता. पाच किलो दोनशे. तो मला म्हणाला, “चुकलो रे बाबा.” मला, लोखंडाला! त्याच फेरीत ओठ शिवून झाला. टाळूचं ऑपरेशन वर्षाच्या आसपास, पुढे बोलायचे धडे. काम बरंच बाकी आहे, पण रस्ता आहे.

तर मित्रांनो, ऐका. असं पोर दिसलं तर तोंड फिरवू नका, त्याच्या आईला प्रश्न विचारत बसू नका. दवाखान्याचा पत्ता सांगा. आणि वर्गात कुणी टाळूच्या फटीमुळे नाकात बोलतं म्हणून तुम्ही हसत असाल ना, तर या एकदा माझ्या ताटावर बसायला, तुमचं वजन किती ते तोंडावर सां...

गाडीचा हॉर्न वाजतोय. लांबच्या वस्तीवर बाळं तपासायची आहेत, सिस्टरने मला काखोटीला मारलंसुद्धा. निघतो मी.