विलायती बाटलीची बरकत

हैबतराव विलायतेला गेले ते बॅरिस्टर व्हायला, आणि दोन वर्षांनी परत आले ते एक चटणी खायला शिकून. परीक्षा तेवढी राहून गेली. पण विलायतेहून आलेल्या माणसानं तिथलं काहीतरी आणलेलं असावं, अशी लोकांची रास्त अपेक्षा असते. कोणी मड्डम आणतो, कोणी संधिवात. हैबतरावांनी हॉर्सरॅडिश सॉस आणला.

कासार आंबोलीच्या त्यांच्या बंगल्यावर स्वयंपाकाला असलेल्या रंभाबाईला हे नाव काही उच्चारता यायचं नाही. ती आपली 'पांढरी चटणी' म्हणायची. वीतभर उंचीची काचेची बाटली, वर पत्र्याचं झाकण, आत सायीसारखं काहीतरी. हैबतरावांनी एकदा तिला समजावून सांगितलं होतं, की हे एक तिखट मूळ असतं, ते किसून शिरक्यात नि सायीत कालवायचं, आणि त्याच्या इंग्रजी नावात घोडा असतो.

"मंग घोडी खात्यात व्हय जी ते?"

"लॉर्ड खातात," हैबतराव म्हणाले.

लॉर्ड लोक ही चटणी ज्या भाजलेल्या मांसाबरोबर खातात ते हैबतरावांच्या देव्हाऱ्याला सोसणारं नव्हतं. त्यामुळे त्यांनी ती बाकी सगळ्या अन्नावर वाटून टाकली होती. उकडलेल्या अंड्यावर, बटाट्यावर, मटणाच्या फोडीवर, सुक्या बोंबलावर, थालीपिठावर. एकादशीला वरीच्या तांदळावरसुद्धा, कारण ती उपासाला चालत नाही असं कुठल्याच शास्त्रात लिहिलेलं नाही. "अंड्याला ती उठाव देते," ते पाहुण्यांना सांगत, "मटणाला खानदान देते. आणि नाचणीच्या भाकरीला..." इथे ते जरा थांबत, "नाचणीच्या भाकरीला परदेशगमन घडवते." मग पाहुण्याच्या ताटात चमचाभर पडे. पाहुण्याच्या नाकातून झिणझिण्या निघून डोळ्यांना धारा लागल्या, की हैबतरावांचं जेवण गोड होई. त्यांच्या पत्नी पुण्यातच राहत. त्यांना धारा लागायला चटणीची गरज नव्हती, असं त्या म्हणत.

बाटली पांढऱ्या रुमालात धरून, बशीत ठेवून आणायची, चमचा निराळा. रंभाबाईच्या आधीच्या कोंडिबानं तो चमचा एकदा खांद्यावरच्या उपरण्याला पुसला आणि त्याच संध्याकाळी तो उपरण्यासकट घरी गेला. रंभाबाईला जायला घर नव्हतं. माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, सासर दिरांच्या ताब्यात गेलेलं. तिची म्हणावी अशी जागा एकच, बंगल्यामागची खोली, आणि ती खोली त्या बाटलीवर उभी होती.

सत्तावन्न-अठ्ठावन्न साली सरकारनं परदेशी मालाला कात्री लावली. पुण्याच्या लष्कर भागातल्या पारशी दुकानदारानं शेवटच्या चार बाटल्या हैबतरावांच्या हाती दिल्या तेव्हा दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि झाकणं तर बंद होती. तीन संपल्या. चौथी उघडून आठ दिवस होतात न होतात तोच ती एका सकाळी रंभाबाईच्या हातून निसटून शहाबादी फरशीवर पडली.

रंभाबाई काचा गोळा करायला खाली बसली. परसाच्या कुंपणापाशी तुकाबाई धनगरीण शेळ्या घेऊन उभी होती. ती आवाज ऐकून आत आली.

"काय गं सांडलंस?"

"माजी खोली," रंभाबाई म्हणाली.

तुकाबाईनं काचा बाजूला सारून बोटभर चटणी उचलली नि जिभेला लावली. डोळे मिटले, पदरानं नाक पुसलं, पुन्हा एक बोट लावलं.

"आगं, ही तर शेवग्याची मुळी!"

"गप गं. विलायती हाय ती."

"आसंल. आमचा दीर म्हसू गुडघ्याला हेच बांधतुया. वाटून लावली की आग आग करती, न् गुडघा मोकळा. चल, दावते."

बंगल्याच्या पडवीला लागून शेवग्याचं एक झाड होतं. जुन्या मालकानं लावलेलं. हैबतरावांनी त्याच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. शेंगा हे चोथा थुंकणाऱ्यांचं अन्न, असं त्यांचं मत. तुकाबाईनं खुरप्यानं माती उकरून करंगळीएवढी मुळी तोडली नि रंभाबाईच्या नाकाखाली धरली. रंभाबाईच्या डोळ्यांना लगेच धारा लागल्या. पाहुण्यांना लागत तश्शाच.

"साल मातर समदी काढायची बरं. सालीत वीख असतंय."

"तुका, तुजं उपकार कसं फेडू गं?"

"उपकार कशाला फेडतीस? झाडाचा पाला माज्या शेरडांचा. बास."

आधीच्या रिकाम्या बाटलीत रंभाबाई एरंडेल ठेवत असे. ती तिनं राखेनं घासली, पण कागदावरचा इंग्रजी मजकूर भिजू दिला नाही. मुळी तासली, किसली, पाट्यावर वाटली. साय, लिंबाचा रस, मीठ, साखरेची चिमूट. दुपारी रुमालात बाटली धरून, बशीत ठेवून ती पडवीत घेऊन गेली.

हैबतरावांनी अंड्यावर चटणी घेतली. खाल्ली. हातातला काटा खाली ठेवला. त्यांचा चेहरा लाल झाला, मिश्या ओल्या झाल्या.

"रंभाबाई."

"जी."

"बाटली जुनी झाली की मुरते, हे तुला ठाऊक आहे का?"

"न्हाई जी."

"मुरते," हैबतराव म्हणाले आणि दुसरं अंडं मागितलं.

तेव्हापासून ती बाटली संपेना. आधी चमच्याच्या टोकावर घेणारे हैबतराव आता चमचा भरून घेऊ लागले. दिवाळी गेली, होळी गेली, पुन्हा दिवाळी आली. बाटली आपली गळ्यापर्यंत. "इंग्रजी मालाला बरकत असते," ते म्हणत. "आपल्याकडे रांजणभर लोणचं श्रावणात दिसेनासं होतं." ही बरकत येते कुठून, हे त्यांनी कधी विचारलं नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तरानं जेवण बिघडेल तो प्रश्न विचारू नये, याला ते शिस्त म्हणत.

बरकत यायची ती झाडाच्या मागच्या अंगानं. पडवीतून दिसू नये म्हणून रंभाबाई नेहमी त्याच बाजूनं उकरायची. दीड वर्ष. त्या बाजूला झाडाला धरून ठेवणारं काही उरेना, तसं झाड हळूहळू बंगल्याकडे कलू लागलं. हैबतराव जितकी चटणी खात तितकं झाड त्यांच्याकडे झुके. एक दिवस त्यांच्याही ते लक्षात आलं. "झाडालासुद्धा माणसाची ओढ लागते," ते म्हणाले. आता कललेल्या खोडावर तुकाबाईच्या शेळ्या जिना चढावा तशा चढू लागल्या होत्या.

"तुका, येका येळंला येकच चढव गं बाई," रंभाबाई काकुळतीनं म्हणायची.

"त्यास्नी काय मोजता येतंय व्हय?"

अशात वैशाखात हैबतरावांचे चुलतभाऊ जयसिंगराव आले. ते कारखान्यासाठी यंत्रं पाहायला सहा आठवडे विलायतेला जाऊन आले होते. पडवीत ताटं मांडली होती. जयसिंगरावांनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली.

"दादा, खास तुमच्यासाठी. लंडनहून. मी स्वतः दुकानात उभं राहून घेतली."

रंभाबाई दाराशी रुमाल धरून उभी होती. तिच्या हातातली बाटली तीच, कागद तोच, झाकण तेच. फक्त आतलं कासार आंबोलीचं. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी बसल्या. मनातल्या मनात तिनं गाठोडं बांधलं. दोन लुगडी, एक पितळी, खुरपं. खुरपं नको, ते बंगल्याचं.

हैबतरावांनी आधी लंडनची चटणी मटणाच्या फोडीला लावली. चावली. वाट पाहिली. काहीच झालं नाही. मग आपल्या बाटलीतली घेतली. मिश्या ओल्या झाल्या.

"जयसिंग, तुला फसवलं."

"अहो दादा, लंडनच्या दुकानातून..."

"तिथंच फसतो माणूस. ही घे, खाऊन बघ."

जयसिंगरावांनी चमचाभर घेतली. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. हैबतराव त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले.

"ही खरी. जुन्या काळची. साम्राज्य गेलं की आधी चटणी पातळ होते," ते खेदानं म्हणाले.

रंभाबाईनं मनातलं गाठोडं सोडलं. आणि त्याच वेळी बाहेर तुकाबाई ओरडली, "आगं ए, चवथी नगं! उतर, उतर!"

चौथी शेळी चढली होती. झाड काही कडाडलं नाही. दमलेला म्हातारा भिंतीला टेकतो तसं ते सावकाश पडवीला टेकलं आणि मग घसरून अंगणात आडवं झालं. शेंडा तेवढा ताटांपर्यंत आला. त्याच्याबरोबर एक शेळीही आली आणि जयसिंगरावांच्या भाकरीला तोंड लावून उभी राहिली. कोणाला खरचटलंही नाही. पण उपटलेल्या मुळांकडून जी झणक सुटली ती थेट नाकात घुसली.

"बाटली फुटली की काय?" जयसिंगराव डोळे पुसत म्हणाले.

दोन्ही बाटल्या टेबलावर धडधाकट उभ्या होत्या.

हैबतराव उठले. त्या वासामागं चालत खड्ड्यापाशी गेले. रंभाबाई त्यांच्या मागं चार पावलं अंतर ठेवून. एका बाजूची मुळं आत्ता तुटलेली, पांढरीशुभ्र. दुसऱ्या बाजूला मुळं नव्हतीच, होते ते खुरप्यानं नीट कापलेले खुंट. काही जुने, काही परवाचे. हैबतरावांनी वाकून एक मुळी मोडली, नखानं साल काढली, नाकाशी नेली. त्यांच्या मिश्या ओल्या झाल्या.

"काय झालं हो दादा?" पडवीतून जयसिंगराव ओरडले.

हैबतरावांनी रंभाबाईकडे पाहिलं. रंभाबाईनं जमिनीकडे पाहिलं. आता कोंडिबासारखं संध्याकाळपर्यंत थांबायचं, की लगेच निघायचं, एवढंच तिला विचारायचं होतं.

"काही नाही," हैबतरावांनी ओरडून सांगितलं. "वाळवी लागली होती."

मग आवाज उतरवून म्हणाले, "रंभाबाई, आपली विलायती बाटली अजून किती दिवस पुरेल?"

रंभाबाईनं उघड्या पडलेल्या मुळांवरून नजर फिरवली.

"पावसाळा निगंल जी."

"आणि पुढं?"

"फांदी रवली तर जगती जी. दोन वरसात चांगली मुळी धरती."

हैबतरावांनी घसा साफ केला. "सावलीला झाड असावं बंगल्यापाशी," ते पडवीत ऐकू जाईल असं म्हणाले. शेवग्याच्या सावलीत शेळीसुद्धा बसत नाही, हे तिथल्या शेळ्यांनाही माहीत होतं. "चार फांद्या लाव. आणि उकरायचं ते चारी बाजूंनी."

परत येऊन ते मोडलेल्या जेवणाला पुन्हा बसले, ते आपल्याच बाटलीतली चटणी घेऊन. लंडनची बाटली त्यांनी दोन बोटांनी उचलून रंभाबाईच्या हातात दिली.

"ही घेऊन जा. कुणाचा गुडघा वगैरे दुखत असेल तर बघ."

रंभाबाईनं ती तुकाबाईला दिली. तीन दिवसांनी तुकाबाई शेळ्या घेऊन कुंपणाशी आली आणि तिनं बाटली परत केली. आतली निम्मी संपली होती.

"म्हसूला बांदली गं तीन दिस. आग न्हाई, गुण न्हाई," ती म्हणाली. "पाणचट हाय. कुटली म्हनायची ही?"