सोलरवरच्या कुरडया

२००३ च्या मे महिन्यात पालिकेचे साहेब जालन्यातल्या आमच्या घरी सोलर बंब तपासायला आले. बंब चालू असला तरच घरपट्टीत सूट मिळणार होती. मी आधी गच्चीवर धावले, तर शेजारच्या झुंबरवैनींनी सकाळीच बंबाच्या काचेवर कुरडया घातलेल्या!

"वैनी, जल्दी उचला!"

"ओल्या हायेत गं, तुटतील."

तेवढ्यात साहेब वर आले. "सूट पाण्यासाठी आहे, वाळवणासाठी नाही," म्हणत त्यांनी बंबाच्या नळाखाली हात धरला. पाणी गार लागलं तर सूट गेलीच.

"आई गं!" साहेबांनी हात झटकला. उन्हाळ्यात गरम पाणी कोण घेतं? टाकीत चार दिवसांचं पाणी तापून बसलं होतं.

बोटांवर फुंकर घालतच त्यांनी सही केली.

"वाळल्यावर या, साहेब, तळून देते," वैनी म्हणाल्या.